ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे बोल्ट आवळण्याआधी

आधी आकडे. आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटाचे) बोल्ट, आतला फिल्टर आणि ड्रेन प्लग (तेल सोडायचं बूच), तिघांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, कागदावर उतरवून घ्या, तोही एककासकट. पॅनचे बोल्ट बहुतेक गाड्यांत ६ मिलिमीटरचे, त्यांना १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. इंच-पाउंडातला आकडा फूट-पाउंड समजून लावलात तर १२ पट जोर जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे तेवढं सोसत नाहीत.

चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की टक् करणारा पाना) इथे उपयोगाचा नाही; इतक्या कमी जोराला तो भरवशाचा नसतो. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा हवा. रत्नागिरीत मिळाला तर उत्तम, नाहीतर कोल्हापूरहून मागवा. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की पार्सल अडकतं, हे धरून चला. सोबत नवीन गॅस्केट, ड्रेन प्लगचा नवा वॉशर आणि त्याच मापाचे दोन-चार जादा बोल्ट मागवा.

खरं काम मात्र आट्यांचं, आणि तिथेच लोक घाई करतात. हर्णै-मालवणकडे खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीचा पोलादी बोल्ट काढला की आट्यांत पांढरी भुकटी दिसते: खाऱ्या ओलीने अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं असतं. असे बोल्ट रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी पाना लावल्यावर अडला तर जोर करू नका, मागे-पुढे हलवत काढा. मग आटे ब्रशने घासा, बुड बंद असलेली भोकं ब्रेक क्लीनर मारून हवेने कोरडी करा. तळाशी तेल राहिलं तर बोल्ट त्यावरच अडतो: रेंच टक् करतो, पॅन ढिलाच राहतो, कधी केसिंगला तडाही जातो. मॅन्युअलमध्ये तेल लावायला सांगितलं नसेल तर आटे कोरडेच ठेवा. तेलकट आट्यांवर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो.

पॅनच्या कडेवर पट्टी ठेवून बघा. मागच्या वेळी कुणी दणकून आवळलं असेल तर भोकांभोवती पत्रा खाली बसलेला असतो. लाकडावर ठेवून हलकेच ठोकून सपाट करा.

जागा सिमेंटची, सपाट असावी. जांभ्याच्या मातीत जॅक रुततो. स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. तेल भरायचा प्लग सुटतो का, ते तेल सोडण्याआधीच बघा, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल.

पुठ्ठ्यावर पॅनचा आकार काढून बोल्टांचे क्रमांक टाका. मॅन्युअलने क्रम दिला असेल तर तोच, नसेल तर मधून बाहेर, आमनेसामने. सगळे आधी हाताने बसवायचे, मग निम्म्या जोराने, मग पूर्ण. टक् झालं की थांबा. "अजून एक पीळ" देणारा मदतनीस असेल तर त्याला चहा आणायला पाठवा. तेलाची पातळी गाडी सपाटीवर ठेवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच बघायची असते, म्हणून ते तापमान दाखवणारा स्कॅनर आधीच मागून ठेवा.