थकलेला मेंटेनन्स कसा वसूल करावा: वसुली दाखल्याचा अर्ज परत येऊ नये म्हणून

पाणी तोडा, लिफ्टचं कार्ड बंद करा, गेटवर नावाचा फलक लावा. असले सल्ले देणारे चार जण प्रत्येक सोसायटीच्या सभेत असतातच. त्यांचं ऐकू नका. पाणी तोडलंत की थकबाकीदार फिर्यादी होतो आणि सचिव पोलिस चौकीत खुलासे देत बसतो. पैसे राहतात तिथेच.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला कायद्याने सरळ रस्ता दिलेला आहे: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १५४ब-२९. त्याखाली निबंधक, म्हणजे सहकार खात्याचा अधिकारी, वसुली दाखला देतो: या सभासदाकडून एवढी रक्कम वसूल करा, असा आदेश. पूर्वी हे काम कलम १०१ खाली व्हायचं. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, पण जुने लोक अजूनही ‘एकशेएक टाकलं का?’ असंच विचारतात. अपार्टमेंटच्या १९७० च्या कायद्याखाली नोंद असलेल्यांची वाट वेगळी आहे, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

१. ठराव. समितीच्या सभेत थकबाकीदाराचं नाव, फ्लॅट क्रमांक, रक्कम आणि अर्जावर सही कोण करणार हे लिहून ठराव घ्या.

२. नोटिसा. अंतर ठेवून दोन-तीन पाठवा, पोहोच मिळेल अशा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज ही नोटीस नव्हे. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांनाही पाठवा. आणि एक बघून घ्या: सभासद हयात आहे ना? हसू नका. वारलेल्या माणसाच्या नावाने तीन वर्षं बिलं काढणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. तसं असेल तर आधी वारसांचं बघा, अर्ज नंतर.

३. हिशेबाचा तक्ता. खरा घोळ इथे होतो. बाकी सगळं झेरॉक्सचं काम आहे.

खजिनदार म्हणून माझा पहिला अर्ज इथेच आपटला. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून खातेउतारा काढला, शिक्का मारला, जोडला. सुनावणीला समोरच्या वकिलांनी आमच्याच बिलाच्या पाठीवर पेन्सिलने तीन ओळींचा हिशेब केला आणि कागद साहेबांपुढे सरकवला. व्याजावर व्याज लागलं होतं. दर महिन्याची ‘मागील बाकी’ व्याजासकट पुढे ओढली जात होती आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्या सगळ्यावर बसत होतं. मला पत्ताच नव्हता.

उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, व्याज सरळ, दर साल जास्तीत जास्त २१ टक्के, आणि तोही सर्वसाधारण सभेने ठरवला असेल तेवढाच. आकड्यात बघा. महिन्याला ३,००० रुपयांचं बिल, २४ महिने एक पैसा भरलेला नाही, दर २१ टक्के, म्हणजे महिन्याला पावणेदोन. पहिल्या बिलावर २४ महिन्यांचं, दुसऱ्यावर २३ चं, असं करत सरळ व्याज होतं १५,७५० रुपये. चक्रवाढीने तेच १८,००० च्या वर जातं. फरक तेवीसशेच्या आसपास. बहात्तर हजारांच्या मुद्दलापुढे किरकोळ वाटतो, पण एक आकडा चुकीचा निघाला की बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरचा उतारा जोडायचा असेल तर जोडा, पण तक्ता हाताने बनवा. एका महिन्याला एक ओळ. बिलाची तारीख, मुद्दल, भरलेली रक्कम, पावती क्रमांक, शिल्लक मुद्दल, किती महिन्यांचं व्याज, किती रुपये. व्याजाचा रकाना शेवटपर्यंत वेगळा ठेवा, मुद्दलात कालवू नका. न वटलेला चेक जमा धरून बसला आहात का, तेही याच वेळी कळेल.

मग बिलातलं एकेक कलम तपासा. सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान असतं. मोठा फ्लॅट म्हणून चौरस फुटावर आकारत असाल तर तुमचं बिलच चुकीचं आहे; मुंबई उच्च न्यायालयातही ही आकारणी टिकलेली नाही. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान पाव टक्का. भाडेकरू ठेवला म्हणून लावायचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, अख्ख्या बिलाच्या नव्हे. आणि मुलगा किंवा मुलगी राहत असेल तर ते लावायचंच नाही. रंगकामाची, लिफ्टची वर्गणी धरली असेल तर त्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि या सभासदाला सभेची सूचना मिळाल्याचा पुरावा, दोन्ही हवेत. मिळत नसेल तर ती रक्कम या अर्जातून सरळ काढा. हट्ट धरू नका. मी एकदा धरला होता आणि बिनवादाचे पैसेही त्यापायी वर्षभर अडकले.

सर्वात वाईट म्हणजे पहिली ओळ: ‘मागील बाकी ४१,२६०’. कशाची? विचारल्यावर ‘जुन्या समितीने लिहून दिलंय’ हे उत्तर चालत नाही. बिलं शोधा, सापडतील तेवढ्यापासूनच तक्ता सुरू करा. शेवटी ३१ मार्चचा तुमचा आकडा लेखापरीक्षण अहवालातल्या सभासदांकडील येणे यादीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर का, ते एका कागदावर लिहून काढा. समोरचा वकील तो अहवाल घेऊन येतोच.

४. अर्ज. उपनिबंधकांकडे (तुमच्या भागात सहायक निबंधक असतील तर त्यांच्याकडे) नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, ठराव, नोटिसा, बिलं, तक्ता आणि चौकशी शुल्काचं चलन जोडून द्या. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

५. सुनावणी. चौकशी संक्षिप्त असते. समोरचा माणूस गळती, पार्किंग, अध्यक्षांचा कुत्रा, सगळं काढेल. तुम्ही तक्त्यावरच राहा. मधेच थोडे पैसे देऊ लागला तर घ्या, पावतीवर ‘थकबाकीपोटी’ लिहा आणि तक्ता सुधारून द्या. व्याज मात्र समितीने परस्पर माफ करू नये, तो विषय सर्वसाधारण सभेत ठेवा.

६. दाखला मिळाल्यावर. तो वसुली अधिकाऱ्याकडे जातो. मागणी नोटीस, मग जप्ती, शेवटी लिलाव, हे सगळं १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे. दाखल्याविरुद्ध फेरतपासणीला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायला, जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे नुसता वेळ काढणारे बरेच इथेच गळतात. माझ्या अनुभवात लिलावापर्यंत एकही प्रकरण गेलं नाही. अधिकारी जप्तीची नोटीस दाराला चिकटवून गेला की दोन दिवसांत चेक येतो. चेक घेऊ नका, डिमांड ड्राफ्ट मागा. रक्कम जमा झाली की वसुली अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्याच दिवशी खतावणीत मुद्दल, व्याज आणि वसुलीचा खर्च अशा तीन वेगळ्या नोंदी घाला.