एअरग्लो वर्षभर मोजायचाय? आधी बॅकग्राउंड फिल्टर घ्या

एअरग्लो म्हणजे रात्री वरच्या हवेतून येणारी आकाशाची स्वतःची मंद चमक, ती कॅमेऱ्याने मोजायची. ट्रायपॉड, पॉवर, लेन्सवरच्या दवासाठी हीटर हे सांगायला नको. एक्स्पोजर, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आणि सेन्सरचं तापमान मात्र एकदा ठरवलं की वर्षभर तेच ठेवायचं, मधेच हात लावला की पुढचा-मागचा डेटा जुळत नाही.

फिल्टर तीन. 557.7 नॅनोमीटरचा हिरवा (साधारण 97 किमी उंचीवरचा ऑक्सिजन), 630 चा लाल (250 किमीच्या आसपास), आणि तिसरा बॅकग्राउंडचा, 572 च्या जवळपास, जिथे एअरग्लोची ठळक रेषा नाही. दोनच लावून भागेल असं वाटतं, मलाही वाटलं होतं, आणि वर्षाच्या शेवटी ग्राफवर जो ऋतू म्हणून मिरवत होतो ती निघाली आकाशगंगा! ठरावीक महिन्यांत ती डोक्यावर येते आणि आकाश उजळतं, त्यात राशिप्रकाश (ग्रहांमधल्या धुळीवरून परतणारा सूर्यप्रकाश) वेगळाच. बॅकग्राउंड वजा केल्याशिवाय ऋतूबद्दल तोंड उघडू नका. आणि बॅकग्राउंड रोज, लाल-हिरव्याच्या लगेच पाठोपाठ घ्यायचा, महिन्यातून एकदा घेऊन काही होत नाही.

सूर्यासाठी रोजचा एफ 10.7 आकडा (10.7 सेंमी तरंगलांबीवर सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचं माप) लिहून ठेवा, सूर्य शांत असताना तो 70 च्या आसपास असतो, जोरात असताना 200 च्या वर जातो, सोबत 81 दिवसांची सरासरी पण काढा कारण सूर्य साधारण 27 दिवसांत फिरतो आणि आकडा त्यासोबत वरखाली होतो. केपी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा) पण नोंदवा, चुंबकीय वादळाच्या रात्री वेगळ्या काढायला लागतात. सूर्य तापला की लाल वाढणार एवढं सरळ गणित उष्ण कटिबंधात धरू नका. इलेक्ट्रॉन वाढतात हे खरं, पण विषुववृत्ताजवळ संध्याकाळी एफ थर (या इलेक्ट्रॉनांचा वरचा दाट थर, लाल इथूनच येतो) वर उचलला जातो, विशेषतः सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, आणि वर गेला की खालचा ऑक्सिजन कमी मिळून लाल मंदावतो, थर खाली आला की परत उजळतो. म्हणून रात्रभर मोजा, एकच वेळ पकडून नाही. भारताच्या रेखांशांवर मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्लाझ्मा बबल (त्या थरातले इलेक्ट्रॉन कमी असलेले पोकळ भाग) जास्त, लालमध्ये काळे पट्टे दिसले तर कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका.

पावसाळा कोराच जाणार, तेव्हा एका वर्षावर थांबू नका.

फिल्टर व्हील उघडून तिसरा फिल्टर खरंच बसवलाय का बघा. परत बघा.

बाकी डार्क फ्रेम (लेन्स झाकून घेतलेला फोटो, सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायला), वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), चंद्राच्या रात्री वगळा, सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेल्यावर सुरू, डेटाच्या दोन कॉप्या.