टॅटू काढावा की नको, आणि काढलाच तर कुठला

टॅटू काढायचाय म्हणणाऱ्या कुणालाही विचारा की काय काढायचं ठरलंय, तर एक तर फोनमधला स्क्रीनशॉट समोर येतो नाहीतर "काहीतरी मीनिंगफुल हवंय" असं उत्तर येतं. दोन्ही ठीके, पण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे आधी डिझाईन आवडतं, मग ते कुठे बसेल ते बघतात आणि खरंच हवाय का हा प्रश्न सगळ्यात शेवटी, तोही खुर्चीत बसल्यावर पडतो. तर मी उलट क्रमाने सांगते, आधी हवाय का, मग अंगावर कुठे, आणि मग काय.

हवाय का हे कळायला सोपी गोष्ट म्हणजे थांबणं. आता सगळेच हे सांगतात, पण नुसतं थांबून काही होत नाही, थांबताना काय बघायचं ते महत्त्वाचं. डिझाईन जेवढ्या साईजचं हवंय तेवढंच प्रिंट काढा आणि रोज नजर पडेल अशा ठिकाणी चिकटवा, आरशाच्या कोपऱ्यात, लॅपटॉपवर, कुठेही. तीन-चार महिन्यांनी तीन गोष्टींपैकी एक झालेली असते. अजूनही ते बघून बरं वाटतं, मग पुढे जायला हरकत नाही. किंवा टॅटूची इच्छा तशीच आहे पण हे डिझाईन नकोसं झालंय, म्हणजे टॅटू हवाय पण हा नाही, परत शोधा. किंवा तो कागद तिथे आहे हेच तुम्ही विसरून गेलात, मग उत्तर मिळालंच की.

त्याच्याही पुढचं म्हणजे अंगावर ट्रायल घ्या. ट्रान्सफर पेपरवर प्रिंट करून चिकटवायचे टेम्पररी टॅटू काही दिवस टिकतात, आणि जागुआ नावाच्या फळाच्या रसापासून केलेली शाई आठवडा-दोन आठवडे राहते आणि निळसर काळी दिसते, त्यामुळे खऱ्या टॅटूचा बराच अंदाज येतो. फक्त "ब्लॅक हेना" या नावाखाली जे काळंकुट्ट मिळतं त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं केसांच्या डायमधलं केमिकल असतं आणि त्याने त्वचेवर फोड येऊन कायमचे डाग राहिल्याच्या केसेस आहेत. खोट्या टॅटूचा खरा डाग, कुणी सांगितलंय.

ब्रेकअप झालाय, नोकरी सोडलीये, मित्रांबरोबर सुट्टीवर आहात आणि सगळेच काढतायत, अशा वेळी घेतलेला निर्णय चुकतोच असं नाही, पण तो टॅटूचा नसतो, त्या आठवड्याचा असतो. तो आठवडा जाऊ द्या. पार्टनरच्या नावाबद्दल मी काही बोलत नाही, सगळ्यांना माहितीये आणि तरी सगळे काढतात.

आता तब्येतीचं, हे कंटाळवाणं आहे पण वगळू नका. जखम भरताना तुमच्या अंगावर जाड, वर आलेले वण पडत असतील (केलॉइड म्हणतात त्याला) तर टॅटूच्या रेघाही तशाच फुगू शकतात, खास करून छातीवर आणि खांद्यावर. सोरायसिस असेल तर सुई लागलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. डायबेटीस आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेताय किंवा नुकतंच बंद केलंय, तर आधी डॉक्टरला विचारा, टॅटू आर्टिस्टला नाही. प्रेग्नन्सीत आणि अंगावर पाजत असताना थांबाच. तीळ असेल तर त्याच्यावरून शाई नेऊ नका, पुढे तो तीळ बदलला तर कॅन्सरची लक्षणं शाईखाली दिसणारच नाहीत. आणि रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर काही महिने ते बंद राहतं, किती ते तुमच्याकडच्या रक्तपेढीचे नियम ठरवतात.

"नाही आवडला तर लेझर आहे की" हे वाक्य ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. सुई शाई वरच्या त्वचेत सोडत नाही, तिच्या खालच्या थरात सोडते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथे शरीराच्या सफाई पेशी, मॅक्रोफेज, शाईचे कण गिळतात, पण ते पचत नाहीत म्हणून घेऊन तशाच बसून राहतात, एक पेशी मेली की दुसरी तेच कण उचलते. टॅटू टिकतो तो यामुळे. लेझर त्या कणांचे बारीक तुकडे करतो आणि मग शरीर हळूहळू ते वाहून नेतं, म्हणून दोन सेशनमध्ये सहा ते आठ आठवडे तरी सोडावे लागतात आणि सेशन बरेच लागतात. काळा रंग सगळ्यात सहज जातो, हिरवा आणि पिवळा त्रास देतात, आणि पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं ते लेझरने उलट काळं पडू शकतं. दुखतंही, आणि पुष्कळांना टॅटू गोंदवून घेताना दुखलं त्यापेक्षा जास्त दुखतं. दुसरा मार्ग कव्हर-अप, पण त्यासाठी नवा टॅटू जुन्यापेक्षा चांगलाच मोठा आणि गडद करावा लागतो, म्हणजे छोटी चूक झाकायला मोठी जागा जाते. तेव्हा लेझर आहे म्हणून टॅटू गोंदवू नका, लेझर नाहीच असं धरून ठरवा.

ठरलं? मग जागा. मला विचाराल तर डिझाईनपेक्षा जागेवर जास्त वेळ घालवायला हवा. पहिला प्रश्न, हा टॅटू कोणाला दिसायला हवाय? तुम्हाला स्वतःला रोज दिसायला हवा असेल तर पाठीवर काढून काय उपयोग, आणि फक्त स्वतःसाठी हवा असेल तर मनगटावर कशाला. हाताचा पंजा, मान आणि चेहरा पहिल्या टॅटूसाठी नकोच, कितीतरी चांगले आर्टिस्ट स्वतःच नाही म्हणतात. सैन्य, पोलीस, विमानसेवा असल्या भरतीला बसायचा विचार असेल तर त्यांचे टॅटूचे नियम आधी वाचा, कुठल्या जागी चालतो हे त्यात लिहिलेलं असतं.

बोटं, तळहात, पायाची कड इथली त्वचा सारखी घासली जाते आणि लवकर बदलते, तिथला टॅटू फिका पडतो, तुटक होतो आणि परत परत टचअप मागतो. इन्स्टावर बोटावरचे जे नाजूक टॅटू दिसतात ना, ते काढल्याच्या पाचव्या मिनिटाला घेतलेले फोटो असतात. दुखण्याचं म्हणाल तर बरगड्या, छातीचं हाड, कणा, कोपराच्या आतली बाजू, गुडघ्यामागचा भाग आणि घोटा हे सगळ्यात वाईट, आणि दंडाची बाहेरची बाजू, कोपराखालचा हात, पोटरी ही त्यातल्या त्यात सोपी. पहिल्यांदाच काढताय तर या सोप्या जागांमधलीच एक घ्या.

आणखी एक, अंग सपाट नसतं. कागदावरचा गोल हातावर लंबगोल होतो, सरळ रेघ तळहात उलटा केला की पिळली जाते. म्हणून स्टेन्सिल (गोंदण्याआधी अंगावर उमटवलेला डिझाईनचा कच्चा ठसा) लावल्यावर उभं राहा, हात सैल सोडा, फिरवा, वर करा, आणि आरशात बघा, आडवं पडून बघू नका. दिशेचाही गोंधळ असतो, लोकांना वाटतं आपल्याला वाचता यावा असा हवा, पण हात खाली सोडून उभे असताना समोरच्याला तो उलटा दिसतो. आर्टिस्ट बहुतेक वेळा समोरच्याला सरळ दिसेल असाच सुचवतात आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं, पण अंग तुमचं आहे.

आता डिझाईन. "अर्थ काय याचा?" या प्रश्नाची उगाच भीती बाळगू नका. अर्थ असला तर छानच, पण अर्थ आहे आणि चित्र बघवत नाही यापेक्षा चित्र सुंदर आहे आणि अर्थ काहीच नाही हे कधीही परवडलं. बघायचं ते हे की दहा-पंधरा वर्षांनी हे कसं दिसेल. शाई त्वचेत हळूहळू पसरते, रेघ जाड होते, जवळजवळच्या दोन रेघा एकमेकींना चिकटतात. म्हणून नखाएवढ्या जागेत सिंह, घड्याळ, होकायंत्र आणि तारीख सगळं कोंबलं तर काही वर्षांनी तो एक डाग असतो. आर्टिस्ट "थोडा मोठा करूया" म्हणाला तर तो बिल वाढवतोय असा लगेच संशय घेऊ नका, बहुतेक वेळा तो बरोबर असतो. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेला ओट्झी नावाचा जो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस आहे त्याच्या अंगावर ६१ टॅटू मोजलेत, सगळे काजळीचे, नुसत्या रेघा आणि फुल्या, आणि अजून ओळखू येतात. अर्थात तो बर्फात होता, तुम्ही उन्हात फिरणार, पण मुद्दा तोच, साध्या काळ्या रेघा, मध्ये मोकळी जागा.

फाईन लाईन, म्हणजे अगदी बारीक रेघांची स्टाईल, सुंदर दिसते पण लवकर पुसट होते. वॉटरकलर स्टाईलला काळी बाह्यरेषा नसेल तर तिचं काही वर्षांत धुकं होतं. रंगांच्या बाबतीत गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचं एक लक्षात ठेवा, शाई रंगद्रव्याच्या थराखाली असते, म्हणजे रंगीत काचेतून बघितल्यासारखं, त्यामुळे फिकट पिवळा, पांढरा, पेस्टल हे जवळपास दिसतच नाहीत, काळा आणि गडद लाल, निळा खुलतात. लाल रंगाची अ‍ॅलर्जी मात्र इतर रंगांपेक्षा जास्त लोकांना होते, तर मोठा लाल भाग असेल तर आधी एखादा ठिपका टाकून काही आठवडे बघा.

अक्षरं काढणार असाल तर इथे जरा थांबा, कारण देवनागरीत जेवढा घोळ होतो तेवढा कशातच होत नाही. "निर्भय" हा शब्द घ्या. आर्टिस्टच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जमत नसेल तर तुम्ही पाठवलेला मजकूर पेस्ट करताच वेलांटी न च्या डावीकडे न बसता उजवीकडे सरकते, आणि भ च्या डोक्यावरचा रफार खाली उतरून पाय मोडका र म्हणून वेगळा उभा राहतो. तुम्हाला लगेच खटकेल, पण ज्याला ही लिपी वाचताच येत नाही त्याला काही कळणार नाही, तो मन लावून तसंच्या तसं गोंदवेल. म्हणून मजकूर टाईप करून कधीच पाठवू नका. कागदावर लिहून किंवा कॅलिग्राफरकडून लिहून घेऊन त्याचं चित्र पाठवा. मग तो शब्द आधी न पाहिलेल्या दोन माणसांना वाचायला द्या. आणि स्टेन्सिल अंगावर आल्यावर पुन्हा एकदा मोठ्याने वाचा, एकेक काना, मात्रा, अनुस्वार बघत. ऱ्हस्व-दीर्घही आधीच ठरवा, मराठीत "मुक्ती" आणि संस्कृतात "मुक्ति", दोन्ही बरोबर, पण संस्कृत ओळीत मराठी वेलांटी घातली की जाणकार माणूस आयुष्यभर तुमच्या हाताकडे बघून कसंनुसं हसणार. ब, ष, क्ष यांच्या पोटातली जागा लहान साईजमध्ये बुजते आणि अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला जाऊन चिकटतो, तेव्हा अक्षरं ऐसपैस ठेवा. येत नसलेल्या लिपीत काही काढायचं असेल, अरबी म्हणा, चिनी म्हणा, तर ती भाषा वाचणाऱ्या माणसाशिवाय हात लावू नका. ट्रान्सलेट अ‍ॅप म्हणजे माणूस नव्हे.

आर्टिस्ट निवडताना फॉलोअर्स बघू नका, भरलेल्या टॅटूचे फोटो मागा, म्हणजे काढून सहा महिने, वर्ष झालेले. ताजा टॅटू सगळ्यांचाच छान दिसतो. आणि तुम्हाला हवी ती स्टाईल तो रोज करतो का ते बघा, पोर्ट्रेट भारी करणाऱ्याला अक्षरं जमतीलच असं नाही. दोन-चार रेफरन्स न्या आणि प्रत्येकात नेमकं काय आवडलं ते सांगा, दुसऱ्या कुणासाठी खास काढलेलं डिझाईन जसंच्या तसं मागू नका. स्वच्छतेचं बिनधास्त विचारा. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे, शाई छोट्या कपात ओतून घेतली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे, मध्येच फोन उचलला तर ग्लोव्हज बदलले पाहिजेत. परत वापरायची जी काही अवजारं असतील ती ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) काढलेली हवीत. हेपेटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, त्यामुळे इथे भिडेखातर गप्प बसायचं कारण नाही. शाईची कंपनी आणि बॅच नंबर लिहून घ्या, युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातलीत ती काही उगाच नाही, आणि पुढे अ‍ॅलर्जी आली तर डॉक्टरला हेच विचारावं लागतं.

त्या दिवशी पोटभर खाऊन जा, आदल्या रात्री दारू नको, झोप काढा. स्टेन्सिल लागल्यावर मन खात असेल तर तिथेच सांगा, ती पुसता येते, फार तर अ‍ॅडव्हान्स जाईल. झाल्यावर आर्टिस्टने सांगितलंय तसं धुवा, क्रीमचा पातळ हात फिरवा, खपली ओढू नका, दोन ते चार आठवडे पोहणं बंद आणि ऊन टाळा. वरची त्वचा तेवढ्यात भरते, आतली भरायला आणखी बराच वेळ लागतो. लाली पसरत चालली, पू आला, ताप आला तर ग्रुपवर फोटो टाकून मतं मागवू नका, डॉक्टरकडे जा. पूर्ण भरल्यावर बाहेर पडताना त्यावर सनस्क्रीन लावत जा, एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं. आणि एखादी रेघ तुटक वाटली तर दीड-दोन महिने थांबून मगच टचअपला जा, बरेच आर्टिस्ट पहिला टचअप वेगळे पैसे न घेता करतात, पण ते बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवलेलं बरं.