टर्मिनल शिकताय? या चुका टाळा, आणि सगळ्यात आधी ७७७

'परमिशन डिनाइड' अशी ओळ दिसली की नवशिक्याचा हात थेट 'सुडो'कडे, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्काने कमांड चालवण्याकडे जातो. कमांड तीच, फक्त पुढे सुडो. त्यानेही भागलं नाही की कुठून तरी उत्तर उचलून चिकटवायचं: सुडो सीएचमॉड -आर ७७७. सीएचमॉड म्हणजे फाइलचे हक्क बदलणारी कमांड. लिनक्सची मशीन्स सांभाळण्यात आणि नव्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. या एका ओळीने जेवढं नुकसान केलेलं मी पाहिलंय, तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. म्हणून आधी तीच.

युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातलं आहे त्यात, प्रत्येक फाइलवर तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात: मालक, गट आणि बाकी सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज ७. तीनदा ७ म्हणजे मशीनवरचा कुठलाही युजर, कुठलाही प्रोग्राम ती फाइल बदलू शकतो. आणि -आर लावलं की आतल्या एकूण एक फाइलला हेच लागू.

एका टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाला वेबसाइटच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची होती. परवानगी नव्हती. त्याने हा ७७७चा उपाय केला आणि शेवटी ./ टाइप करायच्या ऐवजी नुसता / टाइप केला. एक टिंब राहिलं. ./ म्हणजे आपण आत्ता आहोत ते फोल्डर, / म्हणजे अख्ख्या सिस्टीमचं मूळ. लिनक्सवरचं आरएम (फाइली पुसणारी कमांड) निदान नुसत्या / ला हात लावायला नकार देतं, पण त्या मशीनवर सीएचमॉडने काहीही विचारलं नाही. थोड्या वेळाने प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करा, ही खूण) परत आला. फाइल अपलोड झाली, वेबसाइट चालू होती, काम झालं असं त्याला वाटलं.

तासाभराने त्याचा फोन: "दादा, सुडो चालत नाहीये." स्क्रीनवर लिहिलं होतं की सुडोची फाइल रूटच्या मालकीची हवी आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट हवा. या बिटमुळेच साध्या युजरने चालवलेला सुडो रूटच्या हक्काने चालतो. तीन आकडी ७७७ दिलं की फाइलवरचा तो बिट पुसला जातो. दुसऱ्या युजरच्या, बहुधा रूटच्या, नावाने शिरवणाऱ्या 'सु'चीही तीच गत झाली होती. मी माझ्याकडून एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याची सोय) शिरायला गेलो तर माझी चावी (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) नाकारली. होम फोल्डरमध्ये कुणालाही लिहिता येत असेल, तर एसएसएच सर्व्हर तिथल्या चाव्यांवर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी त्याला म्हटलं, "काहीही झालं तरी ती खिडकी बंद करू नकोस." आत पोचलेलं तेवढं एकच सेशन उरलं होतं. त्यातून डेटा बाहेर काढला आणि सिस्टीम नव्याने टाकली. दोन दिवस गेले. सगळं पूर्ववत का करता आलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. फाइलसिस्टीम फक्त आजचे हक्क लिहून ठेवते, कालचे नाही.

माझी सवय सांगतो. परवानगी नाकारली की आधी 'आयडी' टाकून मी कोण आहे आणि कुठल्या गटांत आहे ते बघतो. मग 'एलएस -एल'ने फाइल कोणाची आहे ते. तरी उलगडलं नाही तर 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता. ही कमांड मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीचे हक्क एकाखाली एक दाखवते. बऱ्याचदा फाइल ठीकच असते, वरच्या एखाद्या फोल्डरवर चालवण्याचा बिट नसतो. फोल्डरवर तो बिट म्हणजे आत शिरण्याचा हक्क. उपाय त्या एका फोल्डरपुरता निघतो: मालक बदला, नाहीतर युजरला योग्य गटात घाला. साधारणपणे फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ आणि खाजगी चावीला ६०० पुरतं. हे सगळं बघायला दोन मिनिटं लागतात. ज्यांना ती दोन मिनिटं जड जातात, त्यांच्या हातात मी रूटचा पासवर्ड देत नाही.

दुसरी चूक म्हणजे एरर न वाचता तीच कमांड पुन्हा पुन्हा मारणं. मात्र एक एरर वाचूनही चकवते, तेव्हा ती सांगतोच. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) लिनक्सवर आणली, चालवण्याचा हक्क दिला, चालवली, आणि उत्तर येतं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. एलएस मारलं तर फाइल समोर दिसतेय! माणसं पाथ बदलून बघतात, सुडो लावतात, फाइल पुन्हा कॉपी करतात. सिस्टीम खरंच सांगत असते, फक्त ती वेगळ्या फाइलबद्दल बोलत असते. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं ठेवतं, युनिक्स एकच. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणजे बॅशचा, पाथ असतो आणि त्याच्या शेपटाला ते जास्तीचं, न दिसणारं अक्षर चिकटतं. त्या नावाचा प्रोग्राम मशीनवर नसतोच. 'कॅट' कमांडला कॅपिटल ए हा पर्याय देऊन फाइल बघा. प्रत्येक ओळीच्या शेवटी ^एम$ दिसलं की रोग सापडला. ते जास्तीचं अक्षर काढणारं डॉस२युनिक्स चालवा, संपलं.

आता आरएम. *.लॉग लिहिताना मध्ये स्पेस पडली आणि * .लॉग झालं, की त्या फोल्डरमधल्या जवळजवळ सगळ्या फाइली गेल्या. * म्हणजे काय हे आरएमला कळतच नाही. शेल, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या जागी आधीच सगळी नावं भरतं आणि यादी आरएमच्या हातात देतं. स्क्रीनवर तक्रार येते ती एवढीच, की .लॉग नावाची फाइल सापडली नाही. टर्मिनलमध्ये कचरापेटी नाही. मी तोच पॅटर्न आधी एलएसला देतो, यादी डोळ्यांखालून घालतो, मग वरचा बाण दाबून एलएसच्या जागी आरएम करतो. आजही.

फाइलच्या ओळी क्रमाने लावताना 'सॉर्ट यादी > यादी' असं कधीच लिहू नका. > हे चिन्ह सॉर्ट सुरू होण्याआधीच फाइल रिकामी करतं. सॉर्टला त्यासाठी -ओ हा पर्याय आहे.

टर्मिनल गोठलं? बहुधा कंट्रोल-एस दाबलं गेलंय, कंट्रोल-क्यू दाबा. कंट्रोल-झेडने प्रोग्राम बंद होत नाही, थांबतो. 'एफजी' टाकलं की परत समोर येतो. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, कीबोर्ड ठीक आहे. प्रोग्राम बंद करायला 'किल -९' पहिल्या फटक्यात नको. साधा किल प्रोग्रामला आवरायला वेळ देतो, ९ देत नाही.

मॅन पानं, म्हणजे 'मॅन' कमांडने उघडणारी माहितीची पानं, वाचा. १९७१ पासून युनिक्ससोबत छापील मॅन्युअल आहे आणि तीच परंपरा आज तुमच्या मशीनवर आहे. एकाच नावाची दोन पानं असू शकतात: क्रॉनटॅब म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची यादी; 'मॅन क्रॉनटॅब' कमांडबद्दल सांगतं, 'मॅन ५ क्रॉनटॅब' फाइलमध्ये काय आणि कसं लिहायचं ते. नवे लोक पहिलं पान उघडतात, वेळेच्या पाच रकान्यांचा अर्थ सापडत नाही, आणि 'मॅनमध्ये काही नसतं' म्हणत उठतात.

आणि युजरला गटात घालताना 'युजरमॉड'ला कॅपिटल जीच्या आधी छोटा ए द्यायला विसरू नका. तो राहिला तर नवा गट मिळतो, पण कमांडमध्ये न लिहिलेले बाकीचे जोड-गट जातात, सुडोचाही. गट बदलला की आहे ती खिडकी उघडीच ठेवा. दुसऱ्या खिडकीत नव्याने लॉगिन करा, 'आयडी' टाका, सुडो एकदा चालवून बघा. चाललं तरच पहिली खिडकी बंद करा.