फॉर्म पोहोचल्यावरच पॉपअप बंद करा

देवगडच्या एखाद्या बागायतदाराच्या साइटवर हापूसची मागणी नोंदवायचा फॉर्म पॉपअपमध्ये, म्हणजे वेगळ्या छोट्या खिडकीत, उघडतो असं धरू. नाव, पत्ता, पिनकोड, किती डझन आणि खाली 'मागणी नोंदवा' हे बटण. बटण दाबलं की मागणी सर्व्हरवर जावी, पॉपअप मिटावा आणि मागच्या पानावरची यादी ताजी व्हावी. (इथली देवनागरीतली नावं कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहायची.)

बटणाच्या ऑनक्लिकमध्येच (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) विंडो.क्लोज(), म्हणजे खिडकी मिटवायची आज्ञा, लिहिलेली सर्रास दिसते. तसं करू नका. क्लिकचा कोड आधी चालतो, फॉर्म त्यानंतर निघतो. मधेच खिडकी मिटली तर ब्राउझर विनंती सोडून देऊ शकतो. ऑफिसच्या वायफायवर विनंती बहुतेक वेळा निसटते, म्हणून चूक लक्षात येत नाही. डोंगराआडच्या वाडीत, जिथे रेंजची एकच काडी येते, तिथे सर्व्हरशी जोडणी व्हायलाच वेळ लागतो आणि मागणी हरवते. ग्राहकाला मात्र ती नोंदली गेली असंच वाटतं. सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने कोड चालवणारी सोय) लावून एक सेकंद थांबणं हासुद्धा अंदाजच. नेट त्याहून हळू असेल तर गत तीच.

खात्रीचा मार्ग साधा आहे: बंद करायचा निर्णय सर्व्हरच्या उत्तरावर सोडा. फॉर्म पॉपअपमध्येच नेहमीसारखा पोस्ट होऊ द्या, म्हणजे सर्व्हरकडे जाऊ द्या. नोंद झाली की सर्व्हरने एक छोटं पान पाठवावं. त्यातल्या स्क्रिप्टने आधी विंडो.ओपनर, म्हणजे पॉपअप उघडणारं मागचं पान, शिल्लक आहे का ते तपासावं, असेल तर ओपनर.लोकेशन.रीलोड() करून ते ताजं करावं आणि शेवटी विंडो.क्लोज(). पिनकोड चुकला असेल तर सर्व्हर तोच फॉर्म चुकीसकट परत दाखवेल आणि खिडकी उघडी राहील. मागचं पान स्वतःच पोस्टने आलेलं असेल तर रीलोड करताना ब्राउझर 'पुन्हा पाठवू का' असं विचारतो. तिथे रीलोडऐवजी यादीच्या पानाचा पत्ता द्या.

फेच (पान न बदलता स्क्रिप्टमधून सर्व्हरला विनंती पाठवायची सोय) वापरत असाल तर फॉर्म पाठवतानाच्या सबमिट इव्हेंटमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट() करून ब्राउझरचं नेहमीचं पाठवणं थांबवा, बटण तिथेच निष्क्रिय करा म्हणजे दुहेरी मागणी जाणार नाही, आणि उत्तराची वाट पाहा. सर्व्हरने ५०० (सर्व्हरवर बिघाड झाल्याचा कोड) दिला तरी फेच त्याला चूक मानत नाही, म्हणून उत्तर यशस्वी आहे का हे सांगणारं रिस्पॉन्स.ओके पाहिल्याशिवाय खिडकी मिटवू नका. चूक आली, नेट गेलं, तर बटण पुन्हा चालू करा आणि भरलेला मजकूर तसाच ठेवा. पत्ता दुसऱ्यांदा टाइप करायला कोणी बसत नाही.

विंडो.क्लोज() काहीच करत नसेल तर बहुधा ती खिडकी स्क्रिप्टने उघडलेलीच नाही. ग्राहकाने पत्ता टाइप करून पान उघडलं आणि आणखी दोन पानं फिरला, की ब्राउझर स्क्रिप्टला ती टॅब बंद करू देत नाही. अशा वेळी 'मागणी नोंदली, ही टॅब बंद केली तरी चालेल' हा मजकूर पानावर असलाच पाहिजे. लिंकला टार्गेट ब्लँक देऊन नव्या टॅबमध्ये उघडलेल्या पानाला आताचे ब्राउझर ओपनर देत नाहीत. क्रोममध्ये हे २०२१ पासून आहे. म्हणून पॉपअप विंडो.ओपन()नेच उघडा, तोही थेट क्लिकमध्ये. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबून मग उघडायला गेलात तर पॉपअप ब्लॉकर अडवू शकतो.

फोनवर पॉपअप वेगळ्या टॅबमध्येच उघडतो आणि मागचं पान ग्राहकाला सापडत नाही. नवीन साइट असेल तर पॉपअप सोडाच, डायलॉग एलिमेंट घ्या, म्हणजे त्याच पानावर उघडणारी चौकट. २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. शोमोडल()ने उघडायचा, फेचचं उत्तर नीट आलं की डायलॉग.क्लोज(). यात ओपनरची भानगडच नाही. फक्त फॉर्मला मेथड डायलॉग देऊन मोकळे होऊ नका: त्याने चौकट मिटते, पण सर्व्हरकडे एक अक्षरही जात नाही.

तपासताना डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम ३जीवर आणा, मग पूर्ण ऑफलाइन करा. ऑफलाइन असताना खिडकी मिटली, तर क्लोज अजून चुकीच्या जागी आहे.