‘हॅव’ वापरताना या चुका टाळा

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ मुलाखतीत, वर्गात, फोनवर हे वाक्य सर्रास कानावर पडतं आणि ते चूक आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘तिच्याकडे गाडी आहे’, ‘त्याला ताप आहे’ ही तिन्ही वाक्यं मराठीत ‘असणे’वर निभावतात. इंग्रजीत तिथे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येतं. नातं, मालकी, आजार या गोष्टी ‘असतात’, त्या ‘चालू’ नसतात. म्हणून ‘आयएनजी’ लावायचं नाही: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘ही हॅज अ फीव्हर’.

मग ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर कसं? कारण इथे ‘हॅव’चा अर्थच जेवणे असा आहे आणि जेवण आत्ता चालू आहे. अडलं की वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणा. नुसतं ‘आहे’ निघालं तर साधं ‘हॅव’. ‘जेवतोय’, ‘पितोय’, ‘त्रास होतोय’ असं काही निघालं तर ‘हॅविंग’ चालतं.

‘डझ ही हॅज’ आणि ‘डिड यू हॅड’ तर लगेच सोडून द्या. ‘डझ’ किंवा ‘डिड’ आलं की पुढे मूळ ‘हॅव’च हवं: ‘डिड यू हॅव ब्रेकफास्ट?’

‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत चालून जातं, पण ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ चालत नाही. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ घ्या: ‘आय सॉ हिम येस्टरडे’. वेळ सांगायची नसेल, तर ‘आय हॅव सीन हिम’ अगदी बरोबर.

खरा घोटाळा नकारात होतो. ‘हॅव टू’ आणि ‘मस्ट’ होकारात जवळपास सारखेच वाटतात. नकारात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘यू डोंट हॅव टू टेक धिस टॅब्लेट’ म्हणजे गोळी घेतली नाही तरी चालेल. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट’ म्हणजे गोळी अजिबात घ्यायची नाही. औषधाच्या सूचना वाचताना हा फरक पक्का माहीत असायलाच हवा.

शेवटची चूक सहसा कुणी दाखवून देत नाही. आपण ‘मी केस कापले’ म्हणतो, तेव्हा ते दुसऱ्याने कापले हे ऐकणाऱ्याला कळतं. पण ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की आपणच हातात कात्री घेतली असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल, तर आधी ‘हॅव’, मग वस्तू आणि त्यानंतर क्रियापदाचं तिसरं रूप: ‘आय हॅड माय हेअर कट’. हा क्रम सांभाळा. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणालात, तर ‘मी स्वतःच केस कापले होते’ असा अर्थ निघतो.