पिटो नळीतले कुंभारणीचे घर : माझा अनुभव

पावसाळा सरल्यावर चंद्रपूर जिल्ह्यातील धावपट्टीवर सेसना 172 हे छोटे विमान धावू लागले, तेव्हा इंजिन पूर्ण शक्तीने चालत असूनही वेगदर्शकाचा काटा शून्यावरून हलेना. म्हणून मी लगेच थ्रॉटल मागे घेऊन उड्डाण रद्द केले. डाव्या पंखाखालच्या पिटो नळीत समोरची हवा शिरते आणि तिचा दाब व बाहेरचा स्थिर दाब यांतील फरकावरून वेग कळतो, त्यामुळे नळीचे तोंड बुजले की काटा जागचा हलत नाही. आमच्या नळीत कुंभारणीने, म्हणजे मातीचे घर करणाऱ्या गांधीलमाशीने, घर बांधले होते. ओली माती, अळ्या आणि कोळी मुबलक असलेल्या आपल्या शेतशिवारात तिला अशी भोके फार सोयीची वाटतात.

अशा वेळी नळीत फुंकर मुळीच मारू नये, कारण त्या दाबाने आतले नाजूक यंत्र बिघडू शकते. परवानाधारक देखभाल अभियंत्याने वेगदर्शकाची जोडणी सोडवून नळी साफ केली, गळती तपासली आणि नोंदवहीत सही केली. त्यानंतरच विमान पुन्हा उडाले. आता विमान उभे करताच लाल फितीचे आवरण मी स्वतः नळीवर चढवतो आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी धावताना काटा हलल्याचे मोठ्याने उच्चारतो.